पूना हॉर्सचा सेंच्युरियन १:३५ मध्ये: किट मागवण्यापासून चिखल लावण्यापर्यंत

जून २०२४ मध्ये मागवलेले सेंच्युरियन रणगाड्याचे किट, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे (१:३५) मॉडेल जोडण्यासाठीचा प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पूर्ण झाले. एवढा काळ का लागला, पैसे किती गेले, आणि बाजारात न मिळणारी भारतीय आवृत्ती परदेशी किटमधून कशी काढता येते, हे क्रमाने लिहून ठेवत आहे. स्केल मॉडेलिंगवर मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही, आणि इंग्रजी लेखांत कस्टमचा अर्ज, पुण्याचा पावसाळा किंवा तिथली हार्डवेअरची बाजारपेठ बोहरी आळी यांचा उल्लेख असण्याचे कारण नाही.

मला बनवायचा होता तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ हा रणगाडा. खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्याचा. जून १९७१ मध्ये ते १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि अहिल्यानगरला, तेव्हाच्या अहमदनगरला, तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात असतानाच युद्ध सुरू होऊन त्यांना रेजिमेंटकडे परतावे लागले. १६ डिसेंबर रोजी शकरगढ भागातील बसंतरच्या लढाईत, जरपालजवळ, रणगाडा पेटलेला असताना तो सोडून बाहेर येण्याचा आदेश त्यांनी मानला नाही, कारण तोफ अजून चालत होती. त्याच लढाईत ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. त्यांचा रणगाडा, जेएक्स २०२, पुढे दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला. एवढे संदर्भ हाताशी असलेला, शिवाय पुण्या-नगरशी इतका थेट जोडलेला रणगाडा दुसरा नाही, हे या निवडीमागचे साधे कारण.

सेंच्युरियन मूळचा ब्रिटिश. त्याचे पहिले नमुने मे १९४५ मध्ये, युरोपातील युद्ध संपता संपता, आघाडीकडे पोहोचले. पुढे त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की किट निवडताना नुसते ‘सेंच्युरियन’ हे नाव पाहून भागत नाही. ‘एमके’ (मार्क, म्हणजे आवृत्ती) नंतरचा आकडा आणि त्यापुढची तिरकी रेघ, दोन्ही वाचावे लागतात. तिरक्या रेघेनंतरचा १ जादा चिलखत दाखवतो आणि २ मोठी, १०५ मिलिमीटरची तोफ. भारताने घेतलेल्या सेंच्युरियनमध्ये एमके ७ हा प्रकार प्रमुख होता आणि त्यावर २० पाउंडर, म्हणजे सुमारे ८४ मिलिमीटरची तोफ होती. मला १:३५ प्रमाणात परवडण्याजोगे मिळाले ते तैवानच्या एएफव्ही क्लबचे एमके ५/१ चे किट, व्हिएतनाममधील ऑस्ट्रेलियन रणगाड्याचे. तोफ जुळत होती, चाके आणि सस्पेन्शन जुळत होते. बदलायचे होते ते इंजिनावरची झाकणे, मागची बाजू, पुढचे जादा चिलखत आणि चाकांना झाकणाऱ्या बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या (स्कर्ट). काम सुरू करण्यापूर्वीच ही यादी लिहून काढा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. जे लागत नाही ते कापण्याच्या मोहापेक्षा जे लागते ते न सुचणे अधिक महागात पडते.

किटची किंमत सुमारे ४,८०० रुपये आणि टपालखर्च २,१०० रुपये झाला. त्यानंतरचा भाग मात्र नवख्या माणसाला हमखास धसका देणारा आहे. सीमाशुल्काच्या दृष्टीने स्केल मॉडेल खेळण्यांच्या शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये, मोडते. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. त्यावर जीएसटी वेगळा. हे शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर न लागता किंमत आणि टपालखर्च यांच्या बेरजेवर लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या पार्सलवर सगळे मिळून सुमारे ६,२०० रुपये भरावे लागले, म्हणजे किटच्या किमतीपेक्षा अधिक. म्हणूनच ‘परदेशी दुकानात स्वस्त आहे’ हे वाक्य मी आता दरांचा गुणाकार केल्याशिवाय उच्चारत नाही.

पैशापेक्षा प्रतीक्षा अधिक जड गेली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पार्सल भारतात आल्याचे दिसले आणि तिथेच अडकले. प्रथम ओळखपत्र, पैसे भरल्याची पावती आणि माझ्या वतीने माल सोडवून घेण्याचे अधिकारपत्र मागण्यात आले. ते पाठवल्यावर दुसरी विचारणा आली: बिलावर ‘टँक’ आणि ‘मिलिटरी’ असे शब्द होते, तेव्हा ही वस्तू नेमकी काय आहे, याचा लेखी खुलासा करावा. खुलाशात मी चार गोष्टी लिहिल्या. वस्तू न जोडलेले प्लास्टिकचे प्रतिरूप आहे. जोडल्यानंतर तिची लांबी तोफेसह २८ सेंटिमीटरच्या आसपास असेल. तीत चालणारे यंत्र किंवा डागता येणारा कोणताही भाग नाही. आणि ती १४ वर्षांवरील व्यक्तींच्या छंदासाठी असून विक्रीसाठी नाही. सोबत खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे जोडली. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती आहे आणि विदेशी किटवर ते नसते. जुलैच्या अखेरीस पार्सल घरी आले. मागवतानाच दुकानदाराला बिलावर ‘अनअसेम्बल्ड प्लास्टिक स्केल मॉडेल किट, एजेस १४ प्लस’ असे लिहायला सांगावे. हे एक वाक्य आधी लिहिलेले असते, तर निम्मा पत्रव्यवहार वाचला असता, असे मला वाटते. रंग आणि प्लास्टिकचा गोंद परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नये. ते ज्वालाग्राही असतात, विमान टपालाने चालत नाहीत, आणि भारतातील छंदसामग्रीच्या दुकानांत आता बऱ्यापैकी मिळतात.

खोके उघडल्यावर लगेच काही जोडले नाही. पावसाळ्यात फक्त तपासणी केली आणि नोव्हेंबरमध्ये अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम पाहण्यासाठी गेलो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेले हे संग्रहालय रणगाड्यांमध्ये रस असणाऱ्या प्रत्येकाने पाहावे. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी, व्हॅलेंटाइन, चर्चिल, मटिल्डा, विजयंत असे कितीतरी रणगाडे आणि वाहने तिथे उघड्यावर, अगदी हाताच्या अंतरावर उभी आहेत. कॅमेऱ्याचे नियम प्रवेशद्वारापाशीच विचारून घ्यावेत. मी वही, पेन्सिल आणि शिंप्याची टेप घेऊन गेलो होतो. आकार, जोड आणि वेल्डिंगच्या रेघा हाताने रेखाटल्या की त्या डोक्यात राहतात, छायाचित्राने तसे होत नाही.

तिथे एक वयस्कर गृहस्थ नातवाला रणगाडे दाखवत होते. मी सेंच्युरियनच्या बाजूच्या पट्ट्यांचे चित्र काढत आहे, हे पाहून ते थांबले. सत्तरच्या दशकात ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात, मेकॅनिक होते, गाव पाथर्डीकडचे. वहीत डोकावून त्यांनी विचारले, “हे कशासाठी काढताय?” मी मॉडेलबद्दल सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, “मग एवढ्या सरळ रेघा ओढू नका. हे स्कर्ट कधी सरळ राहतात का? झाडाला घासले, बांधाला घासले, की खालची कड आत वळते. आणि चिखल बाहेरून कमी दिसतो, तो आत साठतो. वरच्या रोलरपाशी. आम्ही पहारीने काढायचो.” मी विचारले, “काका, रंग कसा असायचा?” त्यावर ते म्हणाले, “रंग होता तो होताच. पण चालत्या रणगाड्यावर तुम्हाला रंग दिसणार नाही, धूळ दिसेल.” पुढच्या सगळ्या कामात मला सर्वाधिक उपयोग झाला तो या पाच मिनिटांच्या बोलण्याचा.

डिसेंबरमध्ये जोडणी सुरू झाली. सेंच्युरियनची दोन्ही बाजूंची सहा-सहा चाके हॉर्स्टमन सस्पेन्शनवर जोडीजोडीने बसवलेली असतात. सगळे सुटे भाग साच्याच्या चौकटीतून कापून, कड घासून, मगच गोंद लावायचा, हा या छंदातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयुक्त नियम. घासण्यासाठी पाण्यात चालणारा ४००, १००० आणि २००० नंबरचा सँडपेपर बोहरी आळीत शंभर रुपयांच्या आत मिळतो. तोच छंदसामग्रीच्या दुकानात आकर्षक वेष्टनात तिप्पट किमतीला विकला जातो. प्लास्टिकचा पातळ गोंद दोन्ही कडा किंचित वितळवून त्यांना एकजीव करतो, म्हणून त्याचा थेंब पुरेसा असतो. धातूच्या भागांना तो चिकटतच नाही, तिथे फेविक्विक सुईच्या टोकाने लावावे. खिडकी उघडी हवी आणि पंखा बंद हवा, नाहीतर नखाएवढे भाग फरशीवर शोधण्यात संध्याकाळ जाते.

बदलांपैकी सर्वांत सोपा म्हणजे वगळणे. एमके ५/१ च्या मागे टांगलेली इंधनाची चिलखती टाकी मी बसवली नाही. एमके ७ मध्ये इंधनाची साठवण आतूनच वाढवलेली होती. टाकीसाठी दिलेली भोके पुट्टीने भरून घासली. पुढच्या उतरत्या चिलखतावरची जादा प्लेट वगळल्यावर उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर वेल्डिंगच्या रेघा नव्याने काढाव्या लागल्या. त्यासाठी चौकटीचा एक तुकडा मेणबत्तीवर मऊ करून केसासारखा बारीक ताणला, त्या तंतूवर गोंद लावून तो मऊ झाल्यावर चाकूच्या पात्याने त्यावर आडवे ठसे दिले. रेडिओच्या अँटेनाही अशाच ताणलेल्या तंतूंच्या केल्या.

इंजिनावरच्या झाकणांनी संपूर्ण जानेवारी घेतला. एमके ७ वर त्यांची रचना बदललेली आहे, त्यामुळे किटमधील भागांचा उपयोग फक्त बाह्य मापांपुरता. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या दुकानात अर्धा मिलिमीटर जाडीचे स्टायरीन, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पत्रा, मिळते. एका मोठ्या पत्र्याला मला २२० रुपये पडले आणि त्यातला निम्माही संपला नाही. मापे काढण्याची पद्धत अशी: खऱ्या रणगाड्याची रुंदी सुमारे ३.३९ मीटर, ती ३५ ने भागल्यावर ९.७ सेंटिमीटर. मागून काढलेल्या छायाचित्रात ती रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून गुणोत्तर काढले की त्याच अंतरावरच्या इतर भागांची मापे मिळतात. छायाचित्र तिरपे असेल तर हा हिशेब फसतो, म्हणून शक्यतो समोरून किंवा थेट मागून घेतलेलेच वापरावे. आधी साध्या पुठ्ठ्यावर झाकणे कापून बसवून पाहिली आणि जुळल्यानंतरच प्लास्टिक कापले.

बाजूच्या पट्ट्यांचा प्रश्न जाडीचा होता. खरा पत्रा सहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे १:३५ मध्ये ०.१७ मिलिमीटर. साच्यातून निघणारे प्लास्टिक इतके पातळ असूच शकत नाही, त्यामुळे कड उघडी दिसली की प्रमाण बिघडते. व्हिएतनामच्या चिखलात ऑस्ट्रेलियन सैन्याने या पट्ट्या काढूनच टाकल्या होत्या, पण भारतीय रणगाड्यावर त्या मला हव्या होत्या. बोहरी आळीतून ०.२ मिलिमीटरचा पितळी पत्रा आणला. तो कात्रीने कापला जातो आणि कड बोटाने वळवता येते. पाथर्डीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे खालची कड दोन ठिकाणी आत वळवली, त्यातली पुढची अधिक. किती वळवायची, याचा पुरावा माझ्यापाशी नव्हता, म्हणून हात आखडता ठेवला.

याच सुमारास एक निर्णय घ्यावा लागला. फामागुस्तावर बसलेले गोळे, आग आणि नंतरची मोडतोड दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही आणि प्रदर्शनात अशी मॉडेल लोकांना थांबवतात. पण त्या रणगाड्यात खेत्रपाल यांच्यासह सवार नंद सिंग यांचाही मृत्यू झाला. मला रंगाच्या करामतीसाठी ते दृश्य वापरायचे नव्हते. म्हणून मॉडेलची वेळ बसंतर नदी ओलांडल्यानंतरची, पण लढाईला तोंड फुटण्याआधीची ठरवली. एकदा क्षण ठरला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात: चिखल ओला की सुका, सामान बांधलेले की अस्ताव्यस्त, काजळी कुठे आणि किती.

सामानासाठी घरातल्याच वस्तू पुरल्या. ताडपत्री म्हणजे टिश्यू पेपर आणि पाण्यात पातळ केलेले फेविकॉल; ओले असताना घडी घालून तांब्याच्या तारेने बांधले. तोफेच्या बुडापाशी असलेले कापडी आवरण दोन भागांच्या पुट्टीचे, ओल्या टूथपिकने सुरकुत्या पाडलेले. छलावरणाची जाळी जखमेवर बांधायच्या गॉजची. तोफेच्या नळीचे तोंड किटमध्ये जसे येते तसे ठेवू नये. ८४ मिलिमीटरचे भोक या प्रमाणात २.४ मिलिमीटर येते, तेवढ्या ड्रिलने हाताने हळूहळू पोखरल्यास संपूर्ण मॉडेलचा चेहरा बदलतो.

रंगकाम मार्चमध्ये मुद्दाम सुरू केले. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की लॅकर रंगावर पांढुरकी साय धरते आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचून एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून, थेंब उडतात. लहान कॉम्प्रेसर आणि एअरब्रश मिळून मला सुमारे ७,५०० रुपये खर्च आला. पाणी अडवणारा फिल्टर त्यात असल्याची खात्री करूनच घ्यावा. हा खर्च पहिल्याच मॉडेलसाठी करण्याची गरज नाही. स्प्रे कॅननेही सपाट रंग चांगला बसतो, आणि तोंडावर मास्क दोन्हीकडे हवाच. प्रायमरनंतर टामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब आणि एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन यांचे मिश्रण केले, त्यात थोडा बफ, म्हणजे फिका पिवळसर रंग, घातला. १:३५ च्या मॉडेलवर मूळ छटा लागली तर ती काळवंडलेली दिसते, म्हणून रंग किंचित फिका घ्यावा लागतो. नेमक्या छटेवरून मॉडेलर मंडळी तासन्‌तास वाद घालतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या, उन्हाने उडालेल्या आणि धुळीने झाकलेल्या रंगाबद्दल इतकी खात्री कोणाला कशी असते, हे मला कोडेच आहे.

जेएक्स २०२ हा क्रमांक आणि रणगाड्याचे नाव कोणत्याही तयार डिकलमध्ये, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील अक्षर-चिन्हांत, मिळाले नाही. घरच्या प्रिंटरवर डिकल कागद चालतो, पण प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि गडद हिरव्यावर मला पांढरी अक्षरे हवी होती. उपाय सापडला तो गाड्यांच्या नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमच्या दुकानात. तिथल्या कटिंग मशीनवर चार मिलिमीटर उंचीची अक्षरे कापून घेतली. इतके बारीक काम पाहून दुकानदाराने आधी हात जोडले आणि मग स्वतःच पाते बदलून पुन्हा प्रयत्न केला. शंभर रुपयांत तीन संच मिळाले. अक्षरे उचलून टाकायची, उरलेला साचा मॉडेलवर चिकटवायचा, आधी हिरव्या रंगाचा एक पातळ थर मारून कडा बंद करायच्या आणि मग पांढरा रंग. साचा काढल्यावर कड धारदार येते. साचा चिकटवण्यापूर्वी त्याचा चिकटपणा तळहातावर दोन-तीनदा दाबून कमी करावा, म्हणजे खालचा रंग सोलून निघत नाही.

पावसाळाभर मॉडेल डब्यात बंद होते. ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर, शेवटचे काम हाती घेतले. वॉशसाठी, म्हणजे खाचांत सावली दिसावी म्हणून सोडायच्या पातळ रंगासाठी, कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बोल्ट आणि सांध्यांभोवती सोडला. त्याआधी ॲक्रिलिक वार्निशचा थर पक्का वाळलेला हवा. धुळीसाठी खरी माती वापरण्याचा मोह होतो, पण अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात साडेसतरा मिलिमीटरचा खडा ठरतो. खडूची पूड मलमलच्या कापडातून गाळून घेतली आणि तीत थोडे जिप्सम मिसळले. चिखल पट्ट्यांच्या आत, वरच्या रोलरपाशी दाट आणि बाहेर विरळ लावला. जिथे सैनिक चढतात-उतरतात, तिथली धूळ ओल्या ब्रशने पुसून खालचा हिरवा रंग दिसू दिला. चाकांवरून फिरणाऱ्या साखळीच्या जमिनीला टेकणाऱ्या कडांवर पेन्सिलचे शिसे घासले, त्याने पोलादाची झाक येते.

हत्यारे आणि कॉम्प्रेसर वगळून एकूण खर्च १७,००० रुपयांच्या आसपास गेला, त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा किट घरी येईपर्यंतचाच. काचेऐवजी ॲक्रिलिकची पेटी फलक बनवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतली. ३२ × १६ × १४ सेंटिमीटर, १,४०० रुपये. माप देताना तोफ पुढे वळवलेल्या स्थितीत मोजावी आणि अँटेना विसरू नये. पाटीवर ‘सेंच्युरियन एमके ७, १७ पूना हॉर्स, डिसेंबर १९७१’ एवढेच आहे. पेटीच्या तळाशी मात्र एक कागद चिकटवला आहे. कोणते तपशील छायाचित्रावरून घेतले, कोणते संग्रहालयातील दुसऱ्या सेंच्युरियनवरून, आणि पट्टीचा वळलेला कोपरा व ताडपत्रीची जागा यांसारखे कोणते केवळ अंदाजाने केले, हे त्यावर वेगवेगळे लिहिले आहे. पुढे कोणी हेच मॉडेल करायला घेतले, तर त्या तिसऱ्या यादीतले काही खोडून काढता आले तर पाहावे.